ड्यूटी संपल्यावर

आई इस्पितळात होती तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी संपवून सुनंदा सिस्टर घरी निघाल्या होत्या. वॉर्डच्या दारातच मेट्रननी त्यांना गाठलं.

"सकाळची सिस्टर येत नाहीये. दुपारपर्यंत थांबतेस?"

सिस्टरांनी घरी फोन लावला. "आज मुलीला शाळेत तुम्हीच सोडा," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा गणवेश चढवून आल्या.

त्यांना पाहून आईचा चेहरा खुलला. "आलीस होय गं? आता मला घोर नाही." तिने धरलेला सिस्टरांचा हात ती सोडेचना.

"नाही म्हणता येत नाही का?" मी सिस्टरांना हळूच विचारलं.

"येतं की. पण या पेशंटांमुळेच तर या कामात जीव रमतो. आणि कधी वाटतं, इथे मला कुणी ओळखूच नये, म्हणजे जाता तरी येईल."

माणूस नोकरीत अडकतो तो पगारापायी, नाहीतर साहेबाच्या धाकाने, असं मी समजत होते. मायेनेही इतकं घट्ट अडकवता येतं, हे तेव्हा दिसलं.

आईला झोप लागली. सिस्टरांनी तिचं एकेक बोट अलगद सोडवलं आणि त्या वळल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी आधीच हात पुढे केला होता.