इंजिनाच्या तोंडातली पाकळी

आमची संस्था आंबिवलीला, एका जुन्या गोदामात. विमानांची देखभाल आणि दुरुस्ती शिकवतो आम्ही. इंजिन हा विषय माझ्याकडे. मागल्या वर्षी जेट इंजिनाचा नवा अभ्यासक्रम सुरू केला, पण त्याला दिल्लीची मान्यता यायची होती. ती नसेल तर मुलांचं शिकणं परवान्याच्या परीक्षेला धरत नाहीत. मुलांना हे ठाऊक होतं. "येईल रे, दिवाळीपर्यंत येईल," असं मीच त्यांना सांगत होतो.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. मागल्या वर्षी त्या सकाळी कल्याणच्या फुलबाजारातून मी झेंडूचा हार घेतला. नट आवळायचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, मोजमापाची उपकरणं टेबलावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, हार कुणाला?"

"इंजिनाला घाल. आपलं दैवत तेच."

"पाकळ्या आत जातील ना पण?"

"अगं, ते काय उडणारेय का?"

दसऱ्यानंतर तपासणीला दोन अधिकारी आले. कागद पाहिले, वर्ग पाहिले, सगळं ठीक. मग एकानं सहज इंजिनाची पाती हातानं फिरवली. सुकलेली पाकळी त्याच्या बुटावर पडली. मग आणखी एक.

"मास्तर, इंजिनात बाहेरची वस्तू जाऊ द्यायची नाही, हा धडा कितवा?"

"पहिला."

"शिकवतं कोण?"

"मीच."

मग त्यांनी प्रत्येक हत्यार उलटून पाहिलं. मोजमापाची उपकरणं शेवटची कधी तपासली, त्या तारखांच्या चिठ्ठ्यांवर कुंकू बसलेलं, तारीख वाचता येईना. मान्यता अडली. सुधारणा करा, पुन्हा बोलवा.

प्राचार्यांनी मला चहाला हाक मारणं थांबवलं. मुलं एकेक करून बाहेरगावच्या मान्यता असलेल्या संस्थांत गेली. ती मुलगीही गेली. जाताना माझ्या पाया पडली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मान्यता पुढे काही महिन्यांनी आली. तेव्हा जेटच्या वर्गात नुसती बाकं होती. डोंबिवलीला घरी मी एकटाच, त्यामुळे सुटल्यावरही गोदामात रेंगाळतो, पुसलेलं इंजिन परत पुसतो.

यंदा हार बाहेर शटरच्या कडीला बांधला. दुपारी त्या मुलीचा फोन आला.

"सर, झाली पूजा?"

"झाली. हार बाहेर."

"आणि इंजिनाला?"

"लांबूनच नमस्कार."

ती हसली. "इथे परत पहिल्यापासून बसवलंय मला. पहिला धडा तेवढा पाठ होता."

माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं, असं म्हणायला तोंड उघडलं.

"जेवलीस का?" मी विचारलं.

फोन ठेवला, बॅटरी घेतली आणि इंजिनाच्या तोंडात पाहिलं. रोज पाहतो. आत काही नसतं.