पडीक म्हणायचं नाही

प्रभादेवीच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी इंटर्नशिपला गेले, तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या कागदावरचा एक शब्द खोडला. पडीक. "जमीन पडीक नसते गं. तिथे कोण काय करतं ते आपण बघितलेलं नसतं. तू पडीक लिहिलंस की बिल्डरचं निम्मं काम झालं." शहरातल्या मोकळ्या जागा वाचवणं हे त्यांच्या संस्थेचं काम. पद्धत साधी: जागेवर दिवसभर बसायचं आणि कोण येतं, काय करतं ते लिहायचं. मी पार भारावून गेले. बँकेच्या परीक्षा सोडून हेच करणार, असं घरी सांगून टाकलं. आईने दोन दिवस अबोला धरला.

मग सरांनी मला चिंचपोकळीचं, आमच्याच चाळीमागचं मैदान दिलं. एका कंपनीला तिथे टॉवर हवा होता. मी तीन आठवडे बसले. सकाळी कबड्डी, दुपारी पापड-कुरडया, संध्याकाळी म्हाताऱ्यांचा अड्डा, अधूनमधून लग्नाचा मांडव. एरवी सर्व्हेवाल्याला दारात उभं न करणाऱ्या बायकांनी मला चहा पाजून सगळं सांगितलं. आपलीच पोरगी ना!

शेवटी सर म्हणाले, "शेवटच्या पानावर सही करून ठेव, टायपिंगचं मी बघतो." केली. सरांवर संशय घ्यायचा? छे!

टॉवरच्या परवानगीसाठी पालिकेत सुनावणी होती, तिला अख्खी चाळ झाडून आली होती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आमचा अहवाल वाचला: "जागा पडीक. नियमित वापर आढळला नाही." खाली सर्व्हे करणारी म्हणून माझं नाव. शेजारच्या काकी माझ्याकडे वळल्या. "ह्यां तू लिवलंस गो?"

सरांना जिन्यात गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "अगं, ही जागा तशीही जाणारच होती. त्या बदल्यात कंपनी दुसरी दोन मैदानं सोडतेय. जरा प्रॅक्टिकल हो."

"मग सही माझी कशाला? स्वतःची करायची होती!"

"तू तिथलीच. तुझ्या सहीवर कोण शंका घेणार?"

म्हणजे मैदान मला दिलं ते यासाठी! डोक्यात अशी तिडीक गेली की कठडा घट्ट धरून उभी राहिले. अहवाल बदललाय म्हणून मी साहेबांकडे तक्रार केली. "सही तुमचीच ना?" एवढंच विचारलं त्यांनी. टॉवर झाला. काकी आईशी बोलतात, माझ्याशी नाही.

ती संस्था सोडली, काम नाही सोडलं. दुसऱ्या संस्थेत आता माझ्याच हाताखाली इंटर्न असतात. गेल्या महिन्यात त्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमचे एक सर होते," मी म्हणाले.

"कसले भारी असतील ना! भेटवा ना एकदा."

मला दुसऱ्याच कोणाचं तरी नाव सांगता आलं असतं. पण लोकांत बसून त्यांचं ऐकायचं कसं, हे मला त्या हरामखोराशिवाय कोणीच शिकवलेलं नाही.