शेपूट आली म्हणजे सगळे आले

उतार लागला की ती सायकलवरून खाली उतरते आणि सायकल हातात धरून चालू लागते. सगळा घाट, थेट खालच्या तलावापर्यंत. रविवारच्या टोळीत नव्यानं आलेला एखादा हसून विचारतो, "मावशी, सायकलला फिरायला आणलंय का?" मग टोळीचा म्होरक्या, म्हणजे बाजारातला सायकल-दुरुस्तीवाला, त्याच्याकडे असं काही बघतो की बिचारा हसू गिळून टाकतो. जुन्या माणसांना ठाऊक आहे, ही बाई वाटेतलं एकही वळण चुकवत नाही. पूर्वी एकदा चुकवलं होतं.

तिचं पोटापाण्याचं काम पडदे शिवण्याचं. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीजवळचं पायमशीन तिचं. शिवणीत कुणाच्या बापाला चूक काढता येणार नाही, पण गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेली की शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच पाय लटपटायला लागतात. मग टेप घरमालकाच्या हातात देऊन ही खालून आकडे विचारणार. कुत्री, लिफ्ट, डॉक्टर, विजेचा कडकडाट, भ्यायला तिला काहीही पुरतं. अशी बाई सायकलवर बसलीच कशी, असं कुणीही विचारील. तर ती बसली नणंदेमुळे.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिली. शाळेत मुलांना खेळ शिकवून निवृत्त झाली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. दमा होता तरी सायकल सोडायला तयार नव्हती. "डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलंय ना? मेल्यावर घेईन की भरपूर," असं म्हणायची. घरात भावजयीच्या भित्रेपणाला सगळे हसत, ही मात्र तिला धरून मैदानावर घेऊन गेली आणि सायकल शिकवूनच थांबली. मशीन चालवून पाय तयार झालेले, त्यामुळे चढावर भावजय बरी निघाली. उतारावर मात्र दोन्ही ब्रेक आवळून, जीव मुठीत धरून यायची. दुरुस्तीवाला म्हणायचा, "वहिनी, तुमच्या ब्रेकच्या रबरांवर माझं घर चाललंय." एवढं करूनही घाटातल्या तुटक्या कठड्याच्या वळणावर ती एकदा पडलीच आणि खांद्याजवळचं हाड मोडून घेतलं. तेव्हापासून ते वळण तिच्या झोपेतही यायचं.

ती कायम शेवटी, म्हणून टोळीनं तिला शेपूट म्हणायला सुरुवात केली. नावाबरोबर कामही गळ्यात पडलं. त्या जंगलातल्या रस्त्यांना फाटे फार, पाट्या कमी, आणि फोन तर लागतच नाही. म्हणून टोळीचा नियम असा, की म्होरक्या फाट्यावर पोचला की त्याच्या लगेच मागे असलेल्यानं तिथं थांबायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला हातानं रस्ता दाखवायचा. शेपूट येईपर्यंत जागा सोडायची नाही. शेपूट आली की तिच्यासोबत निघायचं. त्यामुळे शेवटी माणसं मोजण्याची भानगडच नसे. शेपूट आली म्हणजे सगळे आले. औषधांची पिशवीही शेपटीच्याच पाठीवर, आणि तिच्यात नणंदेचा इनहेलर, कारण तो घरी विसरायची नणंदेला खोडच होती.

त्या रविवारी माथ्यावर चहा पिऊन टोळी उतरायला लागली आणि बघता बघता खालून धुकं वर आलं. पुढचे दिसेनासे झाले. तिनं पायडलवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. झाडांवरून टपटप पाणी गळत होतं. रस्ता ओला, कडेला शेवाळ, आणि ते वळण त्या पांढऱ्या धुक्यात कुठंतरी दबा धरून बसलेलं. ब्रेकही नीट धरता येईना.

इतक्यात लाकडं वाहणारा एक रिकामा ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, एकट्या काय करताय इथं? मी आल्या रस्त्यानं खाली चाललोय. गावापर्यंत सोडू?"

आल्या रस्त्यानं, म्हणजे सकाळी टोळी जिकडून चढून आली त्या, डोंगराच्या दुसऱ्या अंगानं. त्या बाजूला ना घाट, ना ते वळण. घाटातल्या फाट्यावर कुणीतरी उभं असेल, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण भ्यालेलं माणूस स्वतःची समजूत फार चटकन घालतं. असेल कुणीतरी. थोडी वाट बघेल, कंटाळून येईल. आणि आपण खाली जाऊन सांगणारच आहोत. तिनं सायकल ट्रकमध्ये चढवली.

गावाच्या वेशीवर ती उतरली. ट्रकमधून येताना कुणी बघू नये, म्हणून पुढचं अंतर सायकलवर आली. सायकलच्या दुकानासमोर टोळी घाम पुसत उभी होती.

"आली शेपूट! चला, सगळे आले," दुरुस्तीवाला ओरडला. "आणि एवढ्या धुक्यात घाट उतरून आलात? मानलं वहिनी तुम्हाला!"

कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी धीट म्हणत होतं. ट्रकचं नाव ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. दोन मिनिटांनी सांगू म्हणेपर्यंत टोळी पांगली आणि दुकानाचं शटर खाली आलं. नणंद दिसली नाही, पण ती नेहमीच कुणासाठी न थांबता घरी जायची, आधी आंघोळीचा नंबर लावायला.

घरी नवरा स्वयंपाकघरात होता. न्हाणीघर रिकामं बघून, ताई न्हाऊन आपल्या खोलीत गेल्या असतील असं तिनं धरलं, आणि तिला बरंच वाटलं. कढत पाण्यानं ती डोक्यावरून न्हाली. अंगातली थंडी गेली, भीतीही बरीचशी गेली. केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आली तर टेबलावर तीन ताटं मांडलेली.

"ताई कुठं राहिली?" नवऱ्यानं विचारलं.

"म्हणजे? आल्या नाहीत?"

"तुझ्याबरोबर नव्हती?"

दाराशी खुंटीला औषधांची पिशवी टांगलेली होती, मघाशी तिनंच टांगली होती. पिशवी ओढून, टॉवेल फेकून, ती तशीच धावत सुटली. मागून नवरा.

दुरुस्तीवाल्यानं दार उघडलं आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "फाट्यावर ताईंनाच उभं केलं होतं मी. पण तुम्ही तर आलात वहिनी. तुम्ही आलात म्हणून मी..."

"मी ट्रकनं आले," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूनं."

दुरुस्तीवाल्यानं गाडीची किल्ली उचलली. त्याच्या गाडीत बसून तिघं तलावाच्या बाजूनं घाट चढायला लागले. तिनं पिशवी छातीशी धरली होती. देवा, त्यांनी नियम मोडलेला असू दे, कंटाळून कुणाच्या तरी गाडीत बसून गेलेल्या असू दे, असं ती मनात घोकत होती. पण शाळेत रांगेतला एक पाऊल हललेला मुलगा जिला खपत नसे, ती बाई कसला नियम मोडते!

फाट्यावर कुणी नव्हतं. नणंदेची सायकल तेवढी मैलाच्या दगडाला टेकून उभी होती, आणि तिचं हँडल खालच्या रस्त्याकडे नीट वळवून ठेवलेलं होतं. स्वतः जागा सोडताना तिनं आपल्या जागी सायकल उभी केली होती.

"वर गेली," नवरा म्हणाला. "तुला शोधायला."

गाडी पुढं निघाली, काचा खाली करून. प्रत्येक वळणावर दरीकडचं गवत तुडवलेलं दिसत होतं. कुणीतरी कडेला जाऊन, वाकून, खाली बघितलेलं. धुक्यातून एक आवाज यायला लागला. शिट्टीचा, पण फुंकलेली वाटावी असा नाही, बारीक, थांबून थांबून.

तुटक्या कठड्याच्या वळणावर नणंद दगडाला पाठ टेकून बसली होती. ओठ निळे पडलेले, कपडे चिंब. शिट्टी दातात तशीच होती, आणि फुंकायचं बळ संपलं तरी प्रत्येक श्वासासरशी ती आपोआप वाजत होती.

भावजयीनं शिट्टी काढून इनहेलर तोंडाशी धरला. एकदा, पुन्हा एकदा. नवरा बहिणीचे तळवे चोळत राहिला. हळूहळू छातीची घरघर कमी झाली आणि नणंदेनं डोळे उघडले. समोर भावजय दिसताच तिनं तिचे कोपर चाचपले, गुडघे चाचपले, मग तिचा खांदा, तो जुना मोडलेला.

"कुठं लागलं गं तुला?" तिचा आवाज पार बसला होता. "किती हाका मारल्या. मला वाटलं, याच वळणावर..."

बोलता बोलता तिचा हात भावजयीच्या केसांवर गेला. ते अजून ओले होते, आणि त्यांना साबणाचा वास येत होता. तो हात तिथंच थांबला. नणंदेनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या कोरड्या, धुतलेल्या कपड्यांकडे पाहिलं.

"न्हालीस?" तिनं विचारलं.

"हो ताई," ती म्हणाली.