दिवाणखान्यातली दोन मरणं

ऑक्टोबरमधला दुसरा शनिवार. रक्कम सहाशे डॉलर, म्हणजे सिनेमाच्या शूटिंगसाठी आमच्या घराचं एका दिवसाचं भाडं. हजर असलेले: मी, बायको, अकोल्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, शेजारचा नट, त्याची मुलगी, दिग्दर्शिका, कॅमेरावाला आणि पाच-सहा जण रडायला.

करार मी स्वतः टाइप केला होता. बूट बाहेर काढायचे. ड्राइव्हवेत दोनच गाड्या. देवघराचं दार उघडायचं नाही. लाकडी फरशीवर चिकटपट्टी लावायची नाही. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासण्याची नोकरी करणारा माणूस करार असाच लिहिणार. प्रसंग कोणता, या ओळीपुढे दिग्दर्शिकेने लिहिलं होतं, 'कुटुंब दिवाणखान्यात जमतं.' मी वाचलं आणि सही केली. कशासाठी जमतं, हे विचारायचं राहिलं.

नट आमचा इथला, अमेरिकेतल्या कॅरी गावातला शेजारी. दोघांत मिळून एक गवत कापायचं मशीन आहे, त्यावरून ओळख वाढली. मूळचा नायजेरियाचा. बँकेतली नोकरी सोडून लागोसला सिनेमात गेला, तेव्हा वडील वर्षभर बोलले नव्हते. तिकडे त्याच्या काळात एक सिनेमा दहा दिवसांत उरकायचा. वीज गेली की जनरेटर, आणि त्याची घरघर संवादात येऊ नये म्हणून तो गल्लीच्या टोकाला ठेवून लांबलचक केबल ओढायची. सकाळी एका सिनेमात दुष्ट काका, दुपारी दुसऱ्यात दुष्ट काका, मध्ये फक्त टोपी बदलायची.

"एकूण किती सिनेमे?" मी एकदा विचारलं.

"शंभर. दीडशे. असतील."

मला असं उत्तर झेपत नाही. मी म्हटलं, बसून यादी करू. तो म्हणाला, "तू कर. मी तोवर गवत कापतो."

सगळ्यांत तो खलनायक. भावाच्या विधवेला घराबाहेर काढणारा, शेवटी वेडा होणारा किंवा अंगावर वीज पडून मरणारा. एकदा बाजारात टोमॅटोवालीने त्याला माल द्यायला नकार दिला होता. "त्या बिचारीला आधी घरात घे," म्हणाली. पुढे डिस्कच्या चोरट्या नकला खऱ्या डिस्कच्या आधी बाजारात यायला लागल्या आणि पैसे मिळेनासे झाले. त्याच्या बायकोला इथे नर्सची नोकरी लागली, तसा तोही आला. आता औषधांच्या गोदामात पाळी सांभाळतो. आफ्रिकन किराणा दुकानात मात्र अजूनही बायका त्याच्याबरोबर फोटो काढतात, आणि काढता काढता चार शब्द सुनावतात.

सासूबाईंनी त्याचे तीन सिनेमे माझ्या लॅपटॉपवर पाहिले. इंग्रजी थोडंच कळतं, पण अडलं कुठेच नाही. "अगं, हा तर आपल्या धाकट्या भाऊजींसारखा," त्या बायकोला म्हणाल्या. "सातबाऱ्यावर सही घेतानाचा चेहरा बघ." तो त्यांना मम्मी म्हणतो, कारण नायजेरियात वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. त्या त्याच्याशी सरळ मराठीत बोलतात. दोघांचं उत्तम चालतं.

तर या सिनेमात त्याला पहिल्यांदा चांगल्या माणसाची भूमिका मिळाली होती. परदेशात झिजून मुलांना शिकवणारा बाप. त्याची मुलगी सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिने बापाचा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. लहानपणी एकदा पाहताना घाबरून उठून गेली, ती गेलीच. या वेळी ती स्वतःहून आली होती. आदल्या संध्याकाळी कुंपणापाशी तो मला म्हणाला, "उद्याचा सीन नीट झाला पाहिजे. तिने मला एकदा तरी भला माणूस बघावा." कॅमेरावाल्याचं संध्याकाळचं विमान होतं. म्हणजे जे व्हायचं ते त्याच दिवशी.

सकाळी दिग्दर्शिकेने आमच्या सोफ्यावर पांढरी चादर अंथरली, उशाशी फुलं ठेवली, आणि नट सुटाबुटात, म्हणजे सूट घालून मोज्यांवर, तिथे आडवा झाला. तेव्हा आम्हाला कळलं की कुटुंब कशासाठी जमतं. त्यांच्याकडे वारलेल्या माणसाला सजवून दिवाणखान्यात ठेवतात आणि सगळे येऊन भेटतात.

बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "तू करार वाचला होतास ना?"

"लिहिला होता."

"मग त्यात हे नव्हतं?"

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "जावईबापू, घराचं कर्ज फिटलं नाही अजून, आणि तुम्ही दिवाणखान्यात मढं निजवताय?"

नट उठून आला. त्याने सगळं ऐकलं होतं, भाषा कळायची गरज नव्हती. "मम्मी, नको असेल तर आम्ही जातो," तो म्हणाला. मी भाषांतर केलं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग जिन्यावर बसलेल्या मुलीकडे.

"पाय दक्षिणेला आहेत त्याचे," त्या म्हणाल्या. "पूर्वेला डोकं करा. मग तो झोपलाय असं मी धरते."

मी फोनवर दिशा पाहिली. सहा जणांनी सोफा फिरवला. दिग्दर्शिका म्हणाली, उजेड उलट आता जास्त चांगला पडतोय. रडणाऱ्या बायका रडल्या. नट असा पडून होता की त्याची छाती हलतेय का, हे मी दोनदा निरखून पाहिलं. सीन झाला. "कट." आता उलट बाजूने पुन्हा एकदा, असं दिग्दर्शिका म्हणाली.

नट हलेना.

बायको पुढे धावली. दिग्दर्शिकेने तिचा हात धरला. "ठीक आहे तो. पैसे मागतोय." त्यांच्याकडे रीत अशी की पडद्यावर मेलेल्या नटाला उठायचे पैसे वेगळे द्यायचे, तिथल्या तिथे, हातात. त्याशिवाय तो परत येत नाही. दिग्दर्शिका लंडनमध्ये वाढलेली, तिच्या हे लक्षात नव्हतं. तिने पर्स पालथी केली. सगळ्यांनी खिसे तपासले. एकाकडेही नोट नाही. खिडकीतला उजेड सरकत चालला होता आणि कॅमेरावाला घड्याळ बघत होता.

"फोनवरून पाठव ना," मी सुचवलं.

"मेलेला माणूस फोन बघत नाही," नट डोळे मिटूनच म्हणाला.

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली.

"मी इथे नाही."

सासूबाईंना बायकोने थोडक्यात सांगितलं. त्या देवघरात गेल्या आणि अकरा डॉलर घेऊन आल्या, दहाची नोट आणि वर एक. कुणाच्या मुंजी-बारशाला लागतील म्हणून त्या अशी पाकिटं भरून ठेवतात. त्यांनी पैसे स्वतः दिले नाहीत. मुलीच्या हातात ठेवले. "तू दे. तुझा बाप आहे."

मुलीने ते त्याच्या मुठीत ठेवले आणि मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्याने डोळे उघडले. मग ती पुन्हा जिन्यावर जाऊन बसली, या वेळी खालच्या पायरीवर, जिथून सगळं दिसतं.

दुसऱ्यांदा तो मेला तेव्हा ती उठून गेली नाही. शेवटपर्यंत बघत होती. 'कट' झाल्यावर सासूबाईंनी दुसरं पाकीट आणून दिलं, तेही तिनेच त्याच्या मुठीत ठेवलं. कॅमेरावाल्याला विमान मिळालं.

संध्याकाळी दिग्दर्शिकेने मला सहाशेचा चेक दिला. सासूबाईंना द्यायची रोख तिच्याकडे नव्हतीच, आणि सासूबाई ती घेणारही नव्हत्या. "उठलेल्या माणसाचे पैसे परत घेतात होय?" त्या म्हणाल्या.

तेव्हा हिशेब असा: घरभाडं सहाशे डॉलर, मला, चेकने. दोन मरणांचे प्रत्येकी अकरा, एकूण बावीस डॉलर, रोख, सासूबाईंकडून शेजारच्या नटाला, त्याच्या मुलीच्या हस्ते.