जॉर्जचं मधलं नाव

माझ्या विहिणीची रक्षा मी भलत्याच गावात पुरायला लावली. चांगली मोटार करून, डब्यात साटोऱ्या घेऊन. मिरजेला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या इकडे येऊन कचऱ्याच्या बिनचे वार पाठ करता करता म्हाताऱ्या झालेल्यांनो, हसा खुशाल. पण गोष्ट पुरती ऐका.

या चुकीचं मूळ सांताक्रूझच्या विमानतळावर आहे. नवं लग्न, नवा पासपोर्ट, आणि बॅगेत मावेना म्हणून भर मे महिन्यात साडीवर चढवलेला ओव्हरकोट. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, पासपोर्ट उघडून माझ्या नावावरून बोट फिरवलं. त्यांचं नाव जाऊन मध्ये जावयाचं आलं होतं. म्हणाले, "मधलं नाव बघितलं की माणूस कुणाचं ते कळतं." ते वाक्य मी पदराला बांधलं आणि घामाने निथळत विमानात चढले.

लंडनच्या हॅरोला आल्यावर मी ठरवूनच टाकलं, इंग्रजांना नातीगोती नसतात. डॉक्टरांच्या सर्जरीतली रिसेप्शनिस्ट मला नवऱ्याच्या नावाने पुकारायची. मी मनात म्हणायची, बाई, तुला तुझ्या आजोबांचं नाव तरी ठाऊक आहे का? तेव्हा माझ्याकडे अक्कल थोडी आणि मतं फार.

पुढे लेकीनेच इंग्रज नवरा केला. व्याही रॉन बसचे ड्रायव्हर, विहीण मार्गारेट अनाथाश्रमात वाढलेली. तिचं एकच मागणं होतं, "मला रॉनच्या माणसांत ठेवा. माझी अशी कुणी नाहीत." ती गेली आणि जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्युम क्लीनरशेजारी, तिची रक्षा बसून राहिली. कारण रॉनची माणसं मूळची कुठली, हे रॉनना तरी कुठे माहीत होतं? ठाऊक होतं ते एवढंच: पणजोबा जॉर्ज हेन्री पार्किन, शेतमजुराचा मुलगा, खेड्यातून लंडनला रेल्वेत लागला.

मी म्हटलं, मी शोधते. नात मीराने लॅपटॉपवर एकोणिसाव्या शतकातल्या जनगणना आणि चर्चची जुनी रजिस्टरं उघडून दिली. पानापानावर शेतमजूर. दर जनगणनेला गाव वेगळं, पोरं वेगवेगळ्या गावांत जन्मलेली, मोठी मुलगी परक्या घरी कामाला. घर सोडून आले ते फक्त आपणच, असा माझा इतकी वर्षं तोरा होता. तो तिथेच उतरला.

शेवटी दोन जॉर्ज पार्किन हाती लागले. नॉरफोकचा, बाप हेन्री. लिंकनशायरचा, बाप जेम्स. मीरा म्हणाली, "आजी, लंडनला आलेल्या जॉर्जचं मॅरेज सर्टिफिकेट मागवूया ना. त्यात फादरचं नाव असतं."

"अगं, बापाचं नाव नावातच आहे की! जॉर्ज हेन्री. झालं."

नॉरफोकच्या त्या गावच्या चर्चचे विकर म्हणाले, गावाशी नातं असलेल्यांनाच इथे जागा. मी चार रंगांत काढलेली वंशावळ त्यांच्यापुढे पसरली. त्यांनी चर्चच्या भिंतीकडेची जागा दिली. रॉननी हाताने माती लोटली आणि म्हणाले, "पोचलीस गं." मी साटोऱ्या वाटल्या. विकरनी दोन घेतल्या.

मग रॉनच्या वाढदिवसाची भेट म्हणून मीराने ते सर्टिफिकेट मागवलंच. बाप: जेम्स. हेन्री हे नाव कुणाला तरी आवडलं म्हणून ठेवलेलं. उभा जन्म या देशात काढला, आणि हे मला सुचू नये? माझ्याच नातीचं मधलं नाव रोझ आहे. जावयाला मी कधी रोझ म्हटलेलं नाही.

"आणि मग आपला नॉरफोकचा जॉर्ज?" मी विचारलं.

मीराने दफनाचं पान शोधलं. "तो मोठाच नाही झाला, आजी. बेबी होता. तिथेच पुरलंय त्याला."

दुसऱ्या दिवशी रॉनकडे गेले आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. म्हटलं, विकरचे पाय धरते, तिला तिथून काढू, लिंकनशायरला तुमच्या माणसांत नेऊ. रॉन जिन्याखालच्या कपाटाकडे बघत राहिले. मला आमच्या ह्यांची आठवण आली. ह्यांच्या अस्थी मी मिरजेला कृष्णेत सोडल्या, तेव्हा वाटलं होतं, चला, घरी पोचले. पण भांडायचं झालं तर मी ह्यांच्याशी अजून हॅरोच्या स्वयंपाकघरातच भांडते. घर कुठलं, हे मलाच धड सांगता येत नाही, आणि मी निघाले होते दुसऱ्यांचं शोधून द्यायला.

रॉननी उठून किटली लावली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "राहू दे तिला तिथेच, सुलभा. त्या बाळाकडेही इतक्या वर्षांत कुणी आलं नव्हतं."