गणिताचा संध्याकाळचा वर्ग

"कुठं लिहिलं आहे जी? दाखवा मले."

कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून ती विचारायची आणि आतला कारकून वर पंख्याकडे बघत बसायचा. नियम दाखवा म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही मात्र नियम दिसेपर्यंत खिडकी सोडत नसे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. सक्करदऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत तिचं घर. वडील हातमागावर लुगडी विणत. तिला गणितात ऑनर्स करून पुढे कॉलेजात शिकवायचं होतं. धरमपेठेकडच्या खाजगी कॉलेजात ऑनर्स होतं, पण तिथली फी वडिलांना झेपणारी नव्हती. आमच्या सरकारी कॉलेजची फी परवडणारी, तर तिथं गणित ऑनर्सचा वर्गच नव्हता.

"एकटीसाठी वर्ग उघडू का? दहा जण आण," प्राचार्य हसत म्हणाले.

तिनं ते खरं मानलं. भर उन्हात सायकलवरून घरोघर फिरली. मलाही धरलं.

"मले नाही जमणार," मी म्हटलं.

"काहून घाबरून राहिला गा? मी आहे ना!"

एका मुलाच्या वडिलांनी दारातच सांगितलं, "आमचा पोरगा इंजिनिअर होणार आहे."

"मंग गणित तं लागनच ना, काका," म्हणून ती ओट्यावर बसली. चहा येईपर्यंत पोरगा तयार झाला होता.

तिच्यासकट दहा जण जमले. वर्ग मंजूर झाला. पण शिकवणारे सर दिवसा दुसऱ्या कॉलेजात असत, म्हणून वेळ ठरली संध्याकाळची. आणि दुसऱ्याच दिवशी कारकून म्हणाला, "संध्याकाळच्या वर्गाला मुली चालत नाहीत."

"कुठं लिहिलं आहे जी?"

या वेळी त्यानं पंख्याकडे पाहिलं नाही. फळ्याकडे बोट केलं. सूचनेची शाई अजून ओली होती.

"तुझ्याच काळजीपोटी, बेटा," प्राचार्य म्हणाले.

"माझे वडील रोज दाराशी येऊन बसतील, सर."

"नियम म्हणजे नियम."

दहाची अट होती. उरलो आम्ही नऊ. तरी वर्ग सुरू झाला. ती अट कुणालाच आठवली नाही.

तिनं साधी पदवी घेतली. रोज सकाळी मात्र मला गाठून आदल्या संध्याकाळचं सगळं विचारून घ्यायची. मी सांगता सांगता अडखळलो की पुढचं तीच मला समजावायची. परीक्षेला मी बसलो.

निकालानंतरच्या जूनमध्ये फळ्यावर नवी सूचना लागली: संध्याकाळच्या वर्गाला मुलींनाही प्रवेश मिळेल. कारण काही दिलं नव्हतं. मी तसाच सायकल हाणत तिच्या घरी गेलो. आत माग चालू होता.

"ते तं कालच भंडाऱ्याले गेली," वडील म्हणाले. "शाळेत मास्तरीण लागली."

मी सूचनेचं सांगितलं. माग थांबला.

"आता काहून सांगून राहिला गा मले?"

त्यांनी धोटा उचलला आणि विणायला घेतलं.