उष्टा वारा

नळदुर्गच्या कल्याणप्पा मिस्त्रीची आणि बिभीषण कूलरवाल्याची पहिली भेट झाली, त्या दिवशी सोलापूर-हैदराबाद हायवे बंद पडला होता, आणि तोही एका लुनापायी. निदान बिभीषण तरी तसंच सांगायचा. ऐकणारा जितका लांबचा, तितकी अडकलेल्या ट्रकांची रांग लांब व्हायची. अणदूरच्या माणसाला सांगताना ती जळकोटपर्यंत जायची. पुण्याच्या पाहुण्याला सांगताना चारमिनारला वळसा घालून परत फिरायची.

झालं होतं एवढंच, की बिभीषणला स्वतः बनवलेला पुरुषभर उंचीचा पत्र्याचा कूलर लुनावरून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा होता. रस्त्यावरच्या प्रत्येक शहाण्या माणसानं त्याला वेड्यात काढलं. गॅरेजच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या कल्याणप्पानं मात्र आधी लुना पाहिली, मग कूलर पाहिला, मग बिभीषणचं पडलेलं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "बसंल."

बसवलाही. सायकलच्या जुन्या ट्यूबांनी असा आवळला, की लुना कुठं संपते आणि कूलर कुठं सुरू होतो ते कळेना. बिभीषणच्या म्हणण्याप्रमाणं, वेग आल्यावर वारं पंख्यात शिरलं, पंखा गरागरा फिरायला लागला, वाळ्याच्या ताट्या सुटून मागच्या ट्रकच्या काचेला डकल्या आणि तिथून पुढं लुना पेट्रोलवाचून पळाली. खरं म्हणजे तो बोरी नदीच्या पुलाच्या अलीकडंच आडवा झाला होता. त्याला उचलायला सगळ्यात आधी धावला तोही कल्याणप्पाच. दोस्ती जमली ती अशी, रस्त्यावर पडून.

कल्याणप्पाच्या तोंडात "न्हाय" हा शब्द घालायचं देव विसरला होता. जीपला ट्रॅक्टरचं सीट, मोटारसायकलला ट्रकचा हॉर्न, काय वाटेल ते मागा, त्याचं उत्तर ठरलेलं: बसंल. बसायचंही. नंतर ते चालतं का, हा प्रश्न त्याला कुणी विचारायचं नाही आणि तोही स्वतःला विचारायचा नाही. बायको शांतम्मा होती तोवर ती घरात बसून त्याच्या वाटचं "न्हाय" म्हणायची. गिऱ्हाइकं तिला घाबरायची. ती गेली, मूलबाळ नव्हतं, आणि कल्याणप्पा उघडा पडला. दुपारी गॅरेज अर्धं ओढून तो मागच्या गल्लीत बिभीषणकडं जायचा. बिभीषणची बायको लक्ष्मीबाई ताट वाढून ठेवायची. साऱ्या नळदुर्गात न विचारता पाटावर बसावं असं त्याला हे एकच घर उरलं होतं. ते घर आपल्या कुठल्या शब्दानं दुखावू नये, एवढी एकच काळजी तो जिवाला लावून घ्यायचा.

अशात बिभीषणनं सेकंडहँड मोटार घेतली. डिझेल, टर्बोवाली. पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून कल्याणप्पानं एकेक भाग दाखवला, आणि इंटरकूलर म्हणताच बिभीषणचे कान टवकारले. ह्यात कूलर आहे आणि मला कुणी सांगितलं नाही? कुठं आहे? कल्याणप्पानं बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढं दडलेला वहीएवढा डबा दाखवला. बिभीषणला त्या डब्याची मनापासून दया आली. आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांत कूलर बसवलेला माणूस तो. कूलर कोपऱ्यात ठेवणं म्हणजे त्याच्या लेखी पाहुण्याला गोठ्यात जेवायला वाढणं. कूलर पुढं पाहिजे, मोठा पाहिजे, मग आतलं इंजिन गारठून जाईल, असा त्यानं तिथल्या तिथं निकाल दिला.

कल्याणप्पाला माहीत होतं की सगळा घोटाळा त्या नावात आहे. इंटरकूलर इंजिनाला गार करतच नाही. टर्बो हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतो, दाबल्यानं ती हवा तापते, आणि ती तेवढी गार करणं हे इंटरकूलरचं काम. गाडीला जोर येतो तो त्यानं. इंजिन गार ठेवतो तो रेडिएटर, आणि त्याला समोरून कोरा वारा लागतो. त्याच्या तोंडापुढं मोठा इंटरकूलर उभा केला, की वारा आधी त्याच्या जाळीतून गाळून निघतो, तापतो, दमतो. रेडिएटरच्या वाट्याला येतो तो उष्टा वारा.

त्यानं हे सांगायला सुरुवातही केली. छोटा बसवू, खालच्या अंगाला बसवू, रेडिएटरचं वरचं तोंड मोकळं सोडू, असं बरंच चाचरला. पण बिभीषण तोवर सोलापूरच्या भंगार बाजारातून अपघातातल्या ट्रकचा इंटरकूलर घेऊन आला होता. दाराच्या झडपेएवढा. पुढच्या जाळीतून तो चकाकताना गावाला दिसला पाहिजे, ही त्याची अट होती.

"आप्पा, बसंल का न्हाय ते सांग."

पाट मांडलेला होता, आमटीला वाफा येत होत्या, लक्ष्मीबाई भाकरी थापत होती. कल्याणप्पा म्हणाला, "बसंल."

पहिले काही दिवस तर मोटारीनं कल्याणप्पालाच खोटं पाडलं. हायवेवर भन्नाट वारा, टर्बोला गार हवा, पिकअप असा की बिभीषण ट्रकवाल्यांना ओव्हरटेक करून पुन्हा मागं यायचा, पुन्हा करता यावं म्हणून. पण उन्हाळा चढला. गावातून हळू जाताना, एसी लावल्यावर, टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. लक्ष्मीबाई त्या काट्याकडं बघून गाडीत बसायला नको म्हणू लागली. बिभीषण गॅरेजात आला आणि म्हणाला, कूलर हलवायचा नाही, तेवढं त्या काट्याचं काहीतरी कर, बायको भितीय.

आता तरी न्हाय म्हणायची वेळ होती. कल्याणप्पानं काट्याची इंजिनाकडची वायर सोडवून तिथं काट्याला फसवणारा एक बारका रेझिस्टर जोडला. इंजिन कितीही तापो, काटा मधोमध येऊन थांबला तो थांबलाच. मनाशी त्यानं ठरवलं, की पुढच्या आठवड्यात बिभीषणला समजावू आणि सगळं नीट करू. दुपारी लक्ष्मीबाईनं त्याला आग्रहानं शिकरण वाढली. भावजींनी गाडी बरी केली म्हणून.

त्याच आठवड्यात दोघं नवराबायको सोलापूरला पाहुण्यांकडं गेली. येताना तुळजापूरला दर्शन घ्यायचं ठरलं. तामलवाडी सोडून घाट लागला, पुढं एक ट्रेलर रडतखडत चढत होता, ऊन मी म्हणत होतं. बिभीषणनं दोनदा काटा पाहिला. काटा मधोमध. मग बॉनेटखालून वाफ आली, आणि गाडी कड्डकन जागेवर थांबली. जन्मभर जे काय मागाल ते बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हातून शेवटी इंजिनच बसलं. बिभीषण पाणी घालायला धावला, रेडिएटरचं झाकण फिरवलं, आणि उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत आलं. पत्रा कापायचा हात तो.

गाडी ओढून गॅरेजपुढं आणली तेव्हा बिभीषण हाताला पट्टी बांधून खाली उतरला, मागोमाग लक्ष्मीबाई. शिव्या देईल असं कल्याणप्पाला वाटलं होतं. त्यानं दिल्या नाहीत.

"काटा मधीच व्हता, आप्पा."

वायर तुटली असंल, जुनी गाडी आहे, असं म्हणायला जागा होती. कल्याणप्पा म्हणाला, "म्या बसवला व्हता मधी."

बिभीषणला ते कळायला वेळ लागला. मग त्यानं विचारलं, गाडी तापतीय हे ठाऊक होतं का? कल्याणप्पानं होय म्हणून मान हलवली. कूलर पुढं नको हेही? त्यानं पुन्हा तशीच मान हलवली.

"तू न्हाय म्हणला असतास तर काय झालं असतं? म्या चार दिस फुगून बसलो असतो. तेवढंच."

कल्याणप्पा लक्ष्मीबाईकडं वळला. तिनं इतकी वर्षं त्याच्यापुढं डोक्यावरचा पदर आणि ओठावरचं हसू सोडलं नव्हतं. ती नवऱ्याची पट्टी नीट करत होती. वर न बघता ती म्हणाली, "भावजी, माझ्या हातची भाकरी खाऊन तुमी मला त्या गाडीत बसवलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याणप्पानं सवयीनं शटर अर्धं ओढलं आणि पुन्हा वर केलं.

बिभीषणनं सोलापूरला दुसरं इंजिन टाकून घेतलं. तिथल्या मिस्त्रीनं मोठा इंटरकूलर काढून छोटा पहिल्या जागी लावला. गाडी आता तापत नाही. कल्याणप्पा हायवेवरच्या ढाब्यावर जेवतो.